झोंबी, जूझ आणि गराडू

आमच्या इंदूरच्या वाचनालयातली 'झोंबी'ची प्रत निदान दोनदा तरी नव्यानं बांधलेली आहे. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेलं. आता तपकिरी पुठ्ठा, कण्यावर निळ्या कापडाची पट्टी, आणि तिच्यावर कुणीतरी शाईनं लिहिलेलं, उताराला लागलेलं नाव. आतल्या समासांत मात्र माणसांची वस्ती आहे. पुस्तकात लिहू नये अशी पाटी वाचनालयात ठळक टांगलेली असते, आणि बहुधा तिच्याखालीच बसून लोक पेन्सिल काढतात.

चार हात मला ओळखू येतात. पहिला बारीक आणि शिस्तीचा. हा गृहस्थ सगळ्या पुस्तकात एकच शब्द लिहितो, 'खरे'. शंभरेक ठिकाणी तरी असेल. पुढं पूर्णविराम, जणू साक्षीवर सही केली. दुसरा घाईचा, तिरका. त्याचा एकच प्रश्न आहे आणि तो पानोपानी विचारतो, 'बाप की वैरी?' तिसरा हात बाईचा असावा. पुरावा काही नाही, पण जिथं आईला मार बसतो तिथं एक शब्दही न लिहिता नुसती उभी रेघ आहे, इतकी दाबून ओढलेली की मागच्या पानावर वळ उठलाय. आणि चौथा हात माझा सगळ्यांत आवडता. तो मत देतच नाही, अर्थ लिहितो. शेणी म्हणजे कंडे. वैरण म्हणजे चारा. काहील म्हणजे बड़ी कढ़ाई. मराठी कादंबरीच्या मराठी शब्दांना हिंदी अर्थ! हा वाचक शंभर टक्के इंदूरचा.

पुस्तक 1987 सालचं. आनंद यादवांची आत्मचरित्रात्मक कादंबरी. 1990 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या एका शेतकऱ्याचा थोरला मुलगा. त्याला शाळेत जायचंय, बापाला तो मळ्यात हवाय. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण या एवढ्याशा गोष्टीत मोट आहे, गुऱ्हाळ आहे, पाण्याची पाळी आहे, एकामागून एक जन्मणारी आणि काही न जगणारी भावंडं आहेत, आणि दिवसभर वाकलेली आई आहे. प्रस्तावना पु. ल. देशपांड्यांची. आमच्या मंडळातल्या एका काकूंनी ती वाचून पुस्तक महिनाभर मिटून ठेवलं होतं. म्हणाल्या, "एवढं दुःख पुढं आहे हे आधीच कळलं, मग हिंमत होईना."

मंडळ म्हणजे फार काही नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात आठ-दहा जण जमतो, एक पुस्तक, एक खाणं. या खेपेला जानेवारी होता, म्हणून गराडू. ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते, हा एक कंद आहे. थंडीत इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, त्याचे तुकडे खरपूस तळून, वर मसाला भुरभुरून, लिंबू पिळून देतात. आम्ही तो घरीही करतो आणि सराफ्यासारखा झाला नाही असं दरवर्षी म्हणतो.

माळव्यात आम्हांला पूर्वी 'दक्षिणी' म्हणत. दक्षिणेतून आलेले म्हणून दक्षिणी. तेव्हा हे पुस्तक म्हणजे दक्षिणी लोकांनी वाचलेलं दक्षिणेतलं बालपण. ज्या दक्षिणेवरून आम्हांला नाव पडलं, ती आमच्यातल्या बहुतेकांनी लग्नाकार्यापुरती आणि ज्योतिबा-अंबाबाईच्या दर्शनापुरती पाहिलेली. मराठी आम्ही जपली आहे, हे खरंच. इंदुरात मराठी साहित्य संमेलनं झाली आहेत. 1935 सालच्या संमेलनाचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. म्हणजे साहित्याच्या गादीवर खराखुरा राजा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कागलात आनंद यादव जन्मले. 2001 साली संमेलन पुन्हा आमच्याकडं आलं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, आणि आम्ही पोहे-जलेबीनं पाहुण्यांची सरबराई केली. पण आम्ही जपली ती वाड्यातली मराठी, आरतीची, नाट्यगीताची, पुरणपोळीची. गोठ्यातली मराठी आमच्या सामानात आलीच नव्हती. म्हणून तर चौथ्या हाताला शेणीचा अर्थ लिहावा लागला.

तर मतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका मधल्या खुर्चीत बसतात, ते आधी बोलले. त्यांच्या मते दत्ताजीराव देसाई हाच पुस्तकातला खरा नायक. मायलेक त्यांच्या वाड्यावर जातात, ते बापाला बोलावून झाडतात, फी कमी पडली तर मी देईन म्हणतात, आणि पोरगा पुन्हा शाळेत बसतो. "गावात असा एक माणूस असला की गाव तरतं," काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि डोलावता डोलावता चमकले. आम्ही सगळे जण पुस्तकभर त्या पोराबरोबर रडतो, पण बसलेलो असतो देसायांच्या सोप्यावर. माझे पणजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून होते. आमच्या घरी कुणी फिर्याद घेऊन आलं तर ते पायरीवर उभं राहत असे. ही गोष्ट आमच्याकडं अजून कौतुकानं सांगतात.

समोरच्या काकूंना बाप सोसवतच नाही. "कसाई आहे हो. स्वतः गावभर हिंडायचं आणि पोराला जुंपायचं." यावर मूळचे नेमाडकडचे, घरी केळीची शेती असलेले एक जण पहिल्यांदाच बोलले. एरवी ते गराडूकडं लक्ष ठेवून असतात. ते म्हणाले, "बाप गुऱ्हाळ सगळ्यांच्या आधी का लावतो ते पाहिलंत? लोक ऊस उभा ठेवतात, रस जास्त उतरावा, गूळ चांगला पडावा म्हणून. हा घाई करतो, कारण पुढं सगळ्यांचा गूळ बाजारात आला की भाव पडतो. ज्याच्या गाठीला काही नसतं त्याला थांबता येत नाही. आम्हीसुद्धा केळी अशीच काढतो." कुणी काही बोललं नाही. 'बाप की वैरी' या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मी समीक्षेच्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्यानं बापाचा मार माफ होत नाही, हेही काकूंनी लगेच ऐकवलं, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

मग एक जण म्हणाले, थोडं लांबलंय. दोनशे पानं कमी चालली असती. दरवेळी दरेक पुस्तकाबद्दल ते हेच म्हणतात.

मला स्वतःला त्यातली एक जागा सोडवत नाही. सौंदलगेकर मास्तर वर्गात कविता गाऊन, अभिनय करून शिकवतात. त्यांच्या दारावरच्या मालतीच्या वेलावर त्यांनी कविता केलेली असते. पोरगा ती वेल रोज पाहत असतो, आणि त्याला एकदम कळतं की कविता करणारी माणसं आपल्यासारखीच हाडामांसाची असतात. मग पिकाला पाणी पाजताना तो मोठ्यानं कविता म्हणू लागतो, ढोरं राखताना म्हशीच्या पाठीवर काठीनं ओळी लिहितो. आधी मळ्यातलं एकटेपण खायला उठायचं, आता एकटं असलेलंच बरं वाटतं. मी शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. इंदुरात मराठीच्या तासाला बसणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी आईनं पाठवलं म्हणून. माझ्या दारातही जुईचा वेल होता. तो माझ्या किती विद्यार्थ्यांनी पाहिला असेल, मी कधी दाखवला का, हे प्रश्न मी त्या संध्याकाळी गराडूबरोबर गिळले.

एवढ्यात घरमालकिणीची नात बशा गोळा करायला आली. सीबीएसईची बारावी झालेली, कॉलेजात पहिल्या वर्षाला. टेबलावरचं पुस्तक उलटून तिनं नाव वाचलं, लेखक वाचला आणि म्हणाली, "आजी, हे तर आमच्या कोर्समध्ये होतं. जूझ."

होतंच की! 'वितान' भाग 2, बारावीचं हिंदीचं पूरक पुस्तक. त्यात केशव प्रथमवीर यांनी हिंदीत आणलेला 'झोंबी'चा अंश आहे. मी मराठीची मास्तरीण असून मला याचा पत्ता नव्हता. देशभरातली हिंदी घेणारी मुलं, त्यात कागल कुठं आहे हे नकाशात न सापडणारीही, या पोराला ओळखतात. आणि आमच्याच घरातल्या मुलांना तो भेटला तोही हिंदीतून, परीक्षेच्या रांगेत.

"त्यात एक क्वेश्चन यायचा," ती म्हणाली, "की आईनं आणि त्यानं खोटं सांगितलं नसतं तर पुढं काय झालं असतं." आई बापाला सांगते की मी देसायांकडं भाजी द्यायला गेले होते, ते खोटं. "मी लिहिलं, लेखक अनपढ रहून गेला असता. पूर्ण मार्क मिळाले." बशा तिच्या हातातच होत्या. "पण खोटं बोलली आई. शाळेत गेला तो. मग आईचं काय झालं? ते चॅप्टरमध्ये नाही आहे."

काकूंनी तिच्याकडं पाहिलं. पेन्सिलीची ती उभी रेघ आमच्यातल्या कुणाची तर नाही ना, असं मला उगाच वाटून गेलं.

मग शब्दांवरून गाडं चालू झालं. जूझ आणि आपलं झुंजणं एकाच घरातले, दोघांत युद्धाचा वास. झुंज दुरूनही देता येते. गरिबीशी, नशिबाशी, परिस्थितीशी. झोंबी तशी नाही. ती कोल्हापूरच्या तांबड्या मातीतली, अंगाला अंग भिडवलेली. जो हाताच्या कवेत येतो त्याच्याशीच झोंबता येतं. त्याचा घाम आपल्याला लागतो, त्याचा श्वास मानेवर येतो. शिवाय मिरची झोंबते, वारा झोंबतो, खरं बोललेलं झोंबतं. जूझ हे नाव चुकलं असं मी म्हणणार नाही, हिंदीत दुसरं काय ठेवणार? पण जूझ म्हटलं की पोरगा दिसतो. झोंबी म्हटलं की पोरगा आणि बाप दोघे दिसतात, एकमेकांना धरलेले.

घरी परतताना रिक्षा राजवाड्यावरून गेली. थंडीमुळं गर्दी विरळ होती. हा गाव ज्यांच्या घराण्यानं उभा केला ते मल्हारराव होळकर, जन्म 1693, नीरेकाठच्या होळचे. लहानपणीच वडील गेले, आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडं आली, आणि तिथं या पोरानं मामाची मेंढरं राखली. आम्हांला शाळेत सांगायचे, रानात झोपलेल्या मल्हारबाच्या डोक्यावर नागानं फणा धरला, आणि तेव्हाच सगळ्यांना कळलं की हा राजा होणार. म्हणजे आमचं शहरही एका राखणदार पोराच्या बालपणातूनच निघालेलं. फक्त ते आम्ही दंतकथेत गुंडाळून ठेवलं. उन्हातान्हात मेंढरांमागं धावणाऱ्या पोराचे पाय किती भाजले, त्याला भाकरी वेळेवर मिळाली का, त्यानं मामाचा मार खाल्ला का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. नाग मात्र ठेवला. कागलच्या पोराच्या डोक्यावर कुणी फणा धरला नाही. त्यानं आपली कहाणी स्वतःच लिहिली, म्हणून तिच्यात नाग नाही, शेण आहे.

आणखी एक गोष्ट राहिली. त्या संध्याकाळी त्या नातीनं विचारलं होतं की गराडू वर येतो की खाली, आणि किती महिन्यांत. खाली, जमिनीत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं नेमाडच्या गृहस्थांखेरीज एकालाही सांगता आलं नाही, आणि ते तेव्हा हात धुवायला गेले होते.

प्रत आता तिच्याकडं आहे. वाचनालयात मी माझ्या नावावर दोनदा मुदत वाढवून घेतली. मराठी ती अडखळत वाचते, लिपी तीच असल्यामुळं निभतं. अडलेला शब्द फोनवर मला विचारते, आणि मला न आलेला आम्ही समासातल्या चौथ्या हाताला विचारतो. परवा तिनं कळवलं की 'धाव' या शब्दापुढं त्यानं काही लिहिलेलं नाही. मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव, मी सांगितलं. तिनं तो अर्थ पेन्सिलीनं लिहिला. सध्या ती त्रेसष्टाव्या पानावर आहे.