थांबलेल्या गाडीचा पगार

दादर टीटीमधलं टीटी म्हणजे काय, हे हल्ली मुलांना सांगावं लागतं. ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून निघाली ती इथे दादरला येऊन संपली. ट्राम गेली, नाव राहिलं, आणि जागेचा स्वभावही तोच राहिला. येणं, थांबणं, परत निघणं. बस उभी असते, टॅक्सी उभी असते, आता पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली मोटरसायकलवाली मुलंही उभी असतात. हा जो उभा आहे, तो आत्ता कामावर आहे की नाही?

प्रश्न खुळचट वाटेल. पण ओव्हरटाइमचं सगळं भांडण त्यातच असतं.

आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा एका कंपनीच्या पार्सलचा टेम्पो चालवतो. युनियनचा नवा करार व्हायचा होता आणि मसुदा इंग्रजीत. "काका, जरा वाचून सांगा ना," म्हणत एका रविवारी तो आणि त्याचे तीन मित्र आले. पगारवाढ, बोनस हे आकडे त्यांना पाठ होते. मी अडलो एका वाक्यावर. 'ड्रायव्हिंग ड्यूटी' आठ तासांच्या वर गेली तर जादा वेळेला दुप्पट दर. चौघांनाही ते वाक्य फार आवडलं होतं.

मी म्हटलं, कालचा दिवस मांडा बघू. मग पेन्सिलने कागदावर मांडला. सकाळी 7 ला गोडाऊनवर सही. गाडी भरून निघेपर्यंत 9. ग्राहकाच्या गेटवर माल उतरेपर्यंत एक तास. जेवणाचा एक तास. परत येऊन चलनं आणि पैसे जमा करायला अर्धा तास. संध्याकाळी 6 ला सुटका. म्हणजे हजेरी 11 तासांची आणि स्टिअरिंगवर साडेसहा तास. कराराच्या भाषेत या माणसाने उलट दीड तास कमीच काम केलं होतं! चौघंही गप्प झाले.

गंमत म्हणजे हा पेच कायदा लिहिणाऱ्यांना फार आधी दिसला होता. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात 'कामाचे तास' म्हणजे नुसतं गाडी चालवणं नव्हतं. गाडी ताब्यात घेणं, डेपोत लावणं, रजिस्टरवर सही, पैशाचा भरणा, माल चढवणं-उतरवणं, हे सगळं त्यात होतं. शेवटच्या थांब्यावर नुसतं हजर राहण्याचा वेळही धरायचा, पण तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच. म्हणजे बघा, चौदा मिनिटं थांबलात तर ते काम, वीस मिनिटं थांबलात तर नाही. 1939 च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या रस्ते वाहतुकीवरच्या करारातही अशाच व्याख्या होत्या. वाट पाहण्याला काय नाव द्यायचं, हे कोडं एकट्या मुंबईचं नाही.

दिवसाला आठ तास, आठवड्याला 48, ही त्या कायद्यातली सर्वसाधारण मर्यादा. पण हे आठ तास दोन तुकड्यांत वाटता यायचे आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत बारा तासांत पसरवता यायचे. यालाच स्प्रेडओव्हर म्हणतात. सकाळी 6 ते 10, मग दुपारी 2 ते 6. मधले चार तास 'तुमचे'. कल्याणला राहणारा माणूस त्या चार तासांत दादरहून घरी जाऊन परत येऊन काय करणार? तो तिथेच कुठेतरी आडवा होतो. आणखी एक हिशोब. दोन ड्यूट्यांमध्ये किमान नऊ तासांची विश्रांती होती, पण ती सुटल्या क्षणापासून मोजायची. जाण्यायेण्याचे तीन तास वजा करा. उरतात सहा. त्यात जेवण, अंघोळ, झोप आणि बायकोमुलांशी बोलणं.

1 एप्रिल 2014 ला बेस्टच्या चालक-वाहकांनी संप केला आणि मुंबईकर बसथांब्यावर ताटकळले, ते आठवत असेल. कारण होतं 'कॅनेडियन शेड्यूल' या नावाने ओळखलं गेलेलं, संगणकावर आखलेलं ड्यूटीचं नवं वेळापत्रक. प्रशासनाला गाड्या आणि माणसं जास्त कार्यक्षमतेने वापरायची होती, कामगारांचं म्हणणं की आमचा दिवस लांबतो. बाहेरून बघताना आपल्याला वाटतं, वेळापत्रकासाठी कसला संप? पण संगणकाला दुपारची मोकळी वेळ रिकामी दिसते आणि माणसाला ती अडकलेली वाटते. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1961 च्या त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जादा तासांना दुप्पट दर तिथेही आहे. पण तो मिळायला आधी नोकरी हवी. ॲपवर जेवण पोचवणाऱ्या मुलांना 'पार्टनर' म्हणतात, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतली गिग कामगाराची व्याख्याच नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरची आहे. हॉटेलच्या दारात ऑर्डरची वाट बघत घालवलेली त्याची वीस मिनिटं कुणाची? निदान टेम्पोवाल्यांकडे भांडायला एक वाक्य तरी होतं.

ते वाक्य त्यांनी बदलायला घेतलं. 'ड्रायव्हिंग ड्यूटी'च्या जागी 'सही केल्यापासून सही करेपर्यंत' असा शब्दप्रयोग त्यांनी स्वतःच सुचवला, मी फक्त इंग्रजी केलं. युनियनच्या पुढाऱ्याने तो पुढे नेला. कंपनीने पूर्ण मान्य केला नाही. माल भरण्याचा आणि उतरवण्याचा वेळ धरला, हिशोबाचा अर्धा तास सोडला. त्या पेन्सिलच्या कागदाप्रमाणे आता कामाचे साडेनऊ तास होतात, म्हणजे दीड तास ओव्हरटाइम. तेवढाच आकडा, फक्त चिन्ह बदललं.

मुलगा पेढे घेऊन आला होता. म्हणाला, "काका, पगारवाढीचा आकडा सगळे वाचतात हो. पुढच्या करारात मी आधी व्याख्या वाचणार." आणि त्या अर्ध्या तासाचं काय, असं मी विचारायच्या आधीच म्हणाला, "तो राहिलाय. तीन वर्षांनी."