कालव्याची हरकत

तिरुवल्लिकेणी हे नाव घेताना आपण नकळत पाण्याचेच नाव घेत असतो. 'तिरु' म्हणजे श्री, 'अल्ली' म्हणजे कुमुद आणि 'केणी' म्हणजे विहीर वा तळे. पार्थसारथीच्या मंदिरापुढील तळ्यावरून चेन्नईच्या या जुन्या वस्तीस हे नाव पडले. इंग्रजांच्या जिभेस ते पेलले नाही, म्हणून त्यांनी त्याचे 'ट्रिप्लिकेन' केले. वाचकहो, नोकरीनिमित्त मी या वस्तीत राहतो, आणि रोज सकाळी ज्या स्थानकावरून गाडी पकडतो तेही पाण्याच्याच काठी उभे आहे. मात्र या पाण्याकडे कोणी हौसेने पाहत नाही.

हे पाणी बकिंगहॅम कालव्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या उत्तरेस त्याचा पहिला भाग खणला गेला. पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात अन्नान्न झालेल्या लोकांना काम देऊन सरकारने शहरातील कूम आणि अड्यार या दोन नद्यांना जोडणारा भाग खणून घेतला व त्यास तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव दिले. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सारे बिऱ्हाडकरू 'पाट्टी' म्हणजे आजी म्हणतो, लहानपणी या कालव्यातून सरपणाने लादलेल्या नावा जाताना पाहिल्याचे सांगतात. आज त्यात नाव नाही. काळे पाणी आहे, गाळ आहे, आणि पात्रात ओळीने उभे असलेले काँक्रीटचे खांब आहेत.

त्या खांबांवरून आमची गाडी धावते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या बीच स्थानकापासून चेपॉकपर्यंतचा हा लोहमार्ग १९९५ मध्ये खुला झाला, १९९७ मध्ये तो तिरुवल्लिकेणीवरून मैलापूरपर्यंत आणि २००७ मध्ये वेळचेरीपर्यंत पोहोचला. मार्ग कालव्यावरून नेण्याचे कारण समजण्याजोगे आहे. दाट वस्तीतून रूळ न्यावयाचे तर शेकडो घरे पाडावी लागतात. कालव्याची जमीन सरकारचीच होती आणि तेथे घर सोडण्यास नकार देणारा कोणी नव्हता. या गाडीने सामान्य माणसाचे पैसे आणि वेळ वाचविले, हे मी रोजचा प्रवासी म्हणून कृतज्ञतेने नमूद करतो.

आता एका व्यवस्थेकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. देशात कोणताही नवा लोहमार्ग बांधून झाला की त्यावर लगेच प्रवासी गाडी सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, पूल, वळणे, सिग्नल तपासतात, वेगाची चाचणी घेतात आणि आपल्या अटी घालून अनुमती देतात. विशेष हे की हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याने बांधले त्यानेच आपल्या कामास शाबासकी देऊ नये, या विचाराने १९४१ मध्ये या निरीक्षकांना रेल्वे मंडळाच्या अधिकारातून काढून स्वतंत्र करण्यात आले. मोठ्या अपघाताची चौकशीही तेच करतात आणि ज्याला काही ठाऊक असेल त्या नागरिकाने साक्ष द्यावी, असे जाहीर आवाहन करतात.

परीक्षक स्वतंत्र असला म्हणजे अपघात टळतातच, असे नव्हे. याच राज्यात १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूरजवळ पुराने पूल खचून शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले आणि रेल्वेमंत्री लाल बहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला. २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईकडे येणारी कोरोमंडल एक्सप्रेस ओडिशातील बालासोरजवळ मालगाडीवर आदळली आणि दोनशे नव्वदांहून अधिक माणसे गेली. सिग्नलच्या जोडणीतील चुका आयुक्तांच्याच चौकशीत पुढे आल्या. परीक्षकाचे मोल येथे आहे: चूक झाली तर ती कोणाची व कशी, हे विचारणारा कोणीतरी असतो.

मग कालव्यासाठी असे विचारणारे कोण होते? लोहमार्गाची आखणी झाली तेव्हा १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा अस्तित्वातच नव्हता. आणि आज? प्रकल्पांचा पर्यावरणावरील आघात आधी मोजावा, यासाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये जी अधिसूचना काढली तिच्या परिशिष्टात विमानतळ आहेत, बंदरे आहेत, महामार्ग आहेत, लोहमार्ग नाहीत. वनजमिनीचे व समुद्रकिनाऱ्याचे नियम रेल्वेसही लागू पडतात, पण शहरातल्या नाल्याचा अथवा ओढ्याचा कैवारी त्यांतून निघेलच असे नाही. रुळावरील प्रवाशासाठी स्वतंत्र आयुक्त आहे. रुळाखालील पाण्यासाठी नाही.

याचा हिशेब पावसाळ्यात होतो. कालवा वस्त्यांतील पाणी घेऊन नद्यांकडे पोचवितो. पात्रात खांब आले की प्रवाहास जागा कमी उरते आणि खांबांभोवती गाळ धरतो. त्यात सांडपाणी आणि काठावरील अतिक्रमणे यांची भर पडते. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळाचा पाऊस कोसळला तेव्हा आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी दोन दिवस उभे होते. पाट्टींनी धान्याचे डबे माळ्यावर चढविले आणि म्हणाल्या, "पूर्वी हे पाणी रात्रीतून कालव्यात उतरे." वृद्धांच्या आठवणी पुरावा नव्हेत, आणि सारा दोष खांबांवर घालणेही न्यायाचे होणार नाही. पण कालव्याच्या काठी झोपड्यांतून राहणाऱ्यांना माळा नसतो, एवढे खरे.

हे दुःख एकट्या चेन्नईचे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आपल्याला आठवण झाली की मिठी नावाची एक नदी आहे. धावपट्टी, भराव आणि वस्त्या यांनी तिला आवळीत आणले होते.

भाषांतरकाराच्या मेजावर 'ना-हरकत' हा शब्द वरचेवर येतो. या खात्याची हरकत नाही, त्या मंडळाची हरकत नाही. हा शब्द लिहिताना मला अलीकडे कालवा आठवतो. त्याला हरकत होती की नाही, हे कोणी विचारले नाही. विचारले असते तरी त्याच्या वतीने बोलावयास माणसेच लागली असती.

ती माणसे आपण होऊ शकतो. ज्या प्रकल्पांना २००६ ची अधिसूचना लागू आहे, त्यांतील बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत येते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. तो सारांश कोणीतरी माझ्यासारख्यानेच मान मोडून भाषांतरित केलेला असतो. वाचकहो, तो मागून घ्या, घरात मोठ्याने वाचा, आणि आपल्या गावचे पाणी कोणत्या वाटेने जाते हे ज्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे त्यांना सुनावणीस बरोबर न्या. आणि लोहमार्गासाठीही अशी सुनावणी असावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करा. गाडी आम्हांस हवीच आहे. तिच्याखालून वाहणाऱ्या पाण्याची वाटही तितक्याच कसोशीने तपासली जावी, इतकेच मागणे आहे.