'यूज्ड टू' केव्हा लिहावे?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी दर रविवारी मुलांना इंग्रजी शिकवतो. मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम.; इंग्रजीचा पंडित नव्हे. पण मुलाखतीत आपली मुले कुठे अडतात ते पाहिले आहे. 'घरची माहिती सांगा' म्हटले की जुन्या गोष्टी निघतात आणि जीभ अडखळते.

मराठीत 'आजोबा पायी जात असत', 'बाबा गिरणीत जायचे' असे आपण सहज बोलतो. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. इंग्रजीत त्याच कामाला 'यूज्ड टू' आहे. 'माय फादर यूज्ड टू वर्क इन अ मिल.' उच्चार जोडून, 'यूस्टू' असा. प्रश्नात किंवा नकारात 'डिड' आले की लिहिताना शेवटचा 'डी' गाळावा.

एकदाच घडलेल्या गोष्टीला हे चालत नाही. आजोबा १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरला गेले, तिथे साधे 'वेंट'. सवय सांगायला 'वुड'ही वापरतात, पण फक्त कृतीसाठी. 'पूर्वी आमच्याकडे रेडिओ असायचा' याला 'यूज्ड टू हॅव' हवे, 'वुड हॅव' नको. आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू' म्हणजे 'मला सवय आहे'. त्याच्यापुढे 'वर्क' नव्हे, 'वर्किंग' येते.

'यूज्ड टू'चा खरा अर्थ, पूर्वी होते, आता नाही. आठवीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, 'माय मदर यूज्ड टू वॉश युटेन्सिल्स इन फोर हाऊसेस.' मी विचारले, "बाळ, आईने काम सोडलं का?" ती खाली मान घालून म्हणाली, "नाही सर. पण असं लिहिलं की बरं वाटतं."

वर्ग गप्प झाला. मी म्हटले, "आज 'वॉशेस' लिही. आईच्या कष्टांची लाज कसली? त्यावरच तुझं शिक्षण चाललंय. तू कमावती झालीस, आईला घरी बसवलंस, की मग 'यूज्ड टू' लिही." तिने ते वाक्य स्वतःच्या हाताने दुरुस्त केले.

पालकांनो, या रविवारी मुलांकडून पाच वाक्ये लिहून घ्या : आपल्या घरात पूर्वी काय होते, जे आता नाही? आजी-आजोबांना विचारायला लावा. इंग्रजी सुधारेल आणि घरचा इतिहासही कळेल. जे अजून संपलेले नाही, ते मात्र वर्तमानकाळातच लिहू द्या.