पोटरीचा दाब आणि लाल शाई

परवा नातवाने कॉम्प्युटरवर एक व्हिडिओ दाखवला. "आजी, हा बघ आपला माणूस!" मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिव केशवन. १९९८च्या नागानोपासून २०१८च्या प्योंगचँगपर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला. सोचीला २०१४ साली सरावात तो ल्यूजवरून, म्हणजे बर्फावरच्या त्या घसरगाडीवरून पडला आणि धावत्या गाडीवर पुन्हा चढला! माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"याचं स्टिअरिंग कुठे रे?" मी विचारलं.

"नाहीच. ब्रेकसुद्धा नाही."

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, फिजिक्सशी माझं काय नातं! पण पोराने छान समजावलं. खेळाडू उताणा, पाय पुढे. गाडीखाली दोन धावपट्ट्या, त्यांना पोलादी कडा. उजव्या पोटरीने उजवी पट्टी आत दाबली की गाडी डावीकडे वळते. खांद्यांचा भारही मदतीला. वळणावर गाडी वेगामुळे भिंतीवर चढते आणि भिंतच तिला वळवते. आपण फक्त शिरायचं कुठे आणि सुटायचं कुठे, ते सांभाळायचं. मात्र प्रत्येक दाबाला कड बर्फात रुतते, घर्षण वाढतं, वेळ जातो. आणि इथे हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागाचा! म्हणून चांगला खेळाडू कमीत कमी वळवतो.

ते ऐकून मला माझी लाल शाई आठवली.

आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. निबंध लिहायचा तो बोलल्यासारखा, वाहता. मी मात्र त्याच्या प्रत्येक ओळीत शाई ओतली. हा शब्द ग्रामीण, ते वाक्य लांब, इथे म्हण हवी. वर्षभरात वही स्वच्छ झाली. मला केवढा अभिमान! पुढे कितीतरी वर्षांनी तो एस. टी. स्टँडवर भेटला, वाकून नमस्कार केला. "लिहितोस का रे?" म्हटलं. हसला. "नाही बाई. चुकेल असं वाटतं."

त्या रात्री मला झोप आली नाही.

मग काय, मोकळंच सोडायचं? तसंही नाही. २०१० साली व्हिसलरला नोदार कुमारिताश्विली हा जॉर्जियाचा २१ वर्षांचा मुलगा सरावात ताशी १४० किलोमीटरहून जास्त वेगाने शेवटच्या वळणावर ताबा सुटून बाहेर फेकला गेला, खांबावर आदळून गेला. नंतर तिथली भिंत उंच केली, सुरुवात खालून ठेवली. म्हणजे भिंत हवीच. वळणाच्या तोंडाशी नेमका दाबही हवा. फक्त सरळ वाटेवर उगाच पोटरी दाबू नये. मी नेमकी तिथेच दाबत राहिले.

असो. काल नातवाने निबंध वाचायला दिला. चुका दिसत होत्या. पेन हातात घेतलं, एकाच ठिकाणी खूण केली, जिथे अर्थच उलटा होत होता.

बाकीचं त्याचं त्याला वळेल.