पडदा पुसताना

यंदा चतुर्थीला मालवणच्या घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. जेवणं झाली आणि मी म्हटलं, "बाबा, 'वस्त्रहरण' लावया." तर बाबा घाईघाईने म्हणाले, "आज नको रे झिला, दमलंस तू."

इथेच मला संशय यायला हवा होता. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण', त्यात मच्छिंद्र कांबळी, आणि आमचे बाबा नको म्हणतात? पण नऊ-दहा तास गाडी चालवून आलो होतो. झोपलो.

थोडं मागे जातो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांचं जत्रेत रात्रभर बसून दशावतार बघणं बंद झालं. म्हणून गेल्या दिवाळीत मी प्रोजेक्टर नेला आणि बाहेरच्या खोलीत १०० इंची पडदा लावला. साधा मॅट व्हाइट, वरून खाली ओढायचा आणि परत गुंडाळायचा. यूट्यूबवर दशावतार लावून दिला. पहिल्याच रात्री शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले. बाबांची खुर्ची डावीकडे भिंतीला टेकून, पाय लांब करता येतील अशी. स्वारी खूश!

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडदा खाली ओढला. मधोमध काळपट ठिपके, बुरशीचे. एका कोपऱ्यात पालीची लेंडी चिकटलेली. आणि सगळ्या पडद्यावर एक चिकट थर.

मी भडकलो. "एवढं लक्ष ठेवता आलं नाही?" वगैरे वगैरे. बाबा काही बोलले नाहीत. पेपर उघडून बसले.

मग इंजिनिअर साहेब कामाला लागले. स्वयंपाकघरातून काच पुसायचा स्प्रे आणला, थेट पडद्यावर फस्स फस्स मारला आणि जुन्या बनियनने गोल गोल घासायला सुरुवात केली. ऑफिसमध्ये टेस्ट न करता कोणी थेट प्रॉडक्शनवर बदल केला तर मी त्याची शाळा घेतो. इथे मी स्वतः तेच करत होतो, आणि इथे तर रोलबॅकही नव्हता.

ठिपके फिकट झाले. मी विजयी मुद्रेने चहा प्यायलो. संध्याकाळी प्रोजेक्टर लावला आणि मधोमध तळहाताएवढा एक चकचकीत डाग दिसायला लागला. समोरून फारसा नाही, पण डावीकडून, म्हणजे नेमकं बाबांच्या खुर्चीतून, नटाच्या तोंडाला तेल फासल्यासारखा!

हे का होतं ते नंतर नीट वाचलं. मॅट पडद्याचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक खरखरीत ठेवलेला असतो. त्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना सारखा पसरतो, म्हणून खोलीत कुठेही बसा, चित्र जवळपास तितकंच उजळ दिसतं. जोरात घासलं की तो खरखरीतपणा झिजून तिथे पॉलिश होतं आणि प्रकाश एकाच बाजूला परततो. म्हणजे मळ काढता येतो, पण घासल्याची खूण काढता येत नाही.

बाबांचं म्हणणं वेगळंच होतं. "पडदो काय, धुवन वाळत घालूचो." त्यांचंही चूक नाही. त्यांच्या लहानपणी तंबूतल्या सिनेमाला कापडाचाच पडदा असायचा. आमच्याच जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात, तोही पांढऱ्या कापडावर. मागे दिवा, मध्ये बाहुली आणि प्रकाश कापडातून आरपार आपल्याकडे. (याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं तिथलं 'ठाकर आदिवासी कला आंगण' बघून या.) कापड मळलं तर धुता येतं. आपला पडदा मात्र कापड नसून बहुतेक वेळा पीव्हीसीचा असतो आणि सगळी करामत त्याच्या वरच्या थरात असते.

आता बुरशी का आली? सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ पडद्यावर बसतं, मीठ दमट हवेतलं पाणी ओढतं, त्यावर धूळ चिकटते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जी द्रव्यं घालतात, तीही काही बुरशा खातात. असा दमट पडदा आपण धूळ बसू नये म्हणून गुंडाळून ठेवतो. बुरशीला आणखी काय हवं?

मंडळी, तुमच्या घरी पडदा असेल तर माझ्यासारखं करू नका. आधी प्रोजेक्टर बंद करा आणि हात धुवा. मग नुसती धूळ: कॅमेऱ्याचा ब्लोअर किंवा नवाकोरा मऊ रुंद ब्रश, वरून खाली. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. नंतर कोरडं मायक्रोफायबरचं फडकं, सरळ रेषेत, हलक्या हाताने. बहुतेक वेळा काम इथेच संपतं. संपलं की थांबायचं.

तरी डाग उरला तर वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. फडकं बुडवून घट्ट पिळायचं. आधी खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे करून बघायचं. पडद्यामागे दुसऱ्या हाताचा सपाट आधार द्यायचा, नाहीतर पडदा ताणला जातो. डागावर फडकं टेकवायचं, उचलायचं. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, मग कोरडं. पाणी कधीही थेट पडद्यावर मारायचं नाही. काचेचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, ब्लीच, सगळं वर्ज्य. बुरशी असेल तर तोंडाला मास्क बांधा, खिडक्या उघडा, आणि मेलेल्या बुरशीचा फिकट डाग राहिलाच तर राहू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका. आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा पडदा उघडून तासभर पंखा लावा.

हे सगळं साध्या मॅट पडद्यासाठी. हल्ली लेझर प्रोजेक्टरबरोबर दिवसा उजेडातही चालणारे पडदे येतात, त्यावर बारीक खाचा असतात. काही पडद्यांवर काचेचे सूक्ष्म मणी असतात. तिथे पाणी लावण्याआधी बरोबर आलेला कागद वाचा. (कागद हरवला असेल, मला माहीत आहे.)

हां, तर त्या संध्याकाळी मी डोक्याला हात लावून बसलो होतो. तेव्हा आईनं हळूच सांगितलं की बाबांनी ते ठिपके जुलैमध्येच पाहिले होते. मऊ फडक्याने एकदा हलकेच पुसून बघितलं, जात नाहीत म्हटल्यावर पडदा वर करून ठेवला. तेव्हापासून प्रोजेक्टर बंद! दोन महिने दशावतार नाही, 'वस्त्रहरण' नाही. मी रोज फोन करत होतो आणि "पिक्चर बघता ना?" विचारलं की "होय, बघतंय" असं उत्तर येत होतं.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू वरडशीत म्हणान सांगूक नाय."

आणि मी आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी तेच केलं होतं. काय बोलणार? म्हटलं, "बाबा, पडदो माझ्याकडसून खराब झालो." त्यांनी काठी घेतली, उठले, खुर्ची स्वतःच दोन फूट मध्ये सरकवली आणि बसून बघितलं. "हयसून दिसना नाय. लाव तू."

लावलं. रात्री साडेबारापर्यंत बघत बसलो, पोट दुखेपर्यंत हसलो. पाय लांब करायला त्यांच्यासमोर एक स्टूल ठेवलं.

नवा पडदा घेणार होतो, बाबा नको म्हणाले. असो. काल रात्री फोन आला, एरवी स्वतःहून कधी करत नाहीत. "झिला, पडद्यार एक नवो ठिपको दिसता. हात लावूक नाय हां मी."