मिगच्या आतला रंग

दसऱ्यापूर्वीच्या आठवड्यात रंगाच्या दुकानदाराला धड जेवायलाही सवड नसते. २०२५ सालच्या २६ सप्टेंबरला, दसरा सहा दिवसांवर आलेला असताना, माझा तेरा वर्षांचा नातू दुकानात येऊन गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसला आणि मोबाइलवर चंदीगडचा सोहळा पाहू लागला. १९६३ साली हवाई दलात दाखल झालेले मिग-२१ हे विमान त्या दिवशी निवृत्त होत होते. गिऱ्हाइके डबे मोजून घेत होती, हमाल पोती उतरवीत होते, आणि हा मुलगा रडवेल्या चेहऱ्याने पडद्याकडे पाहत होता.

आम्हा नाशिककरांना या विमानाचे अप्रूप जरा निराळे आहे. ओझरला ही विमाने शेकडोंनी तयार झाली. आमच्या लहानपणी आभाळात गडगडाट झाला तर बायका वाळवण उचलायला धावत नसत. ‘ओझरचे असेल’ म्हणून पुन्हा कामाला लागत. १९७१ च्या युद्धात मी चौदा वर्षांचा होतो. ब्लॅकआउटसाठी मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करावा लागे, त्यासाठी काळ्या एनॅमलचे लहान डबे आमच्या दुकानातून भराभर गेले. युद्धाशी आमच्या घराण्याचा आलेला संबंध एवढाच, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

त्या सोहळ्यानंतर नातवाच्या मामाने त्याला या विमानाच्या प्रतिकृतीचा संच पाठवला. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस; जोडल्यावर विमान जेमतेम फूटभर लांब. करड्या प्लॅस्टिकचे शेकडो बारीक तुकडे. मला वाटले, दोन रविवारांत खेळ संपेल. परंतु अशा विमानाचे काम आतून सुरू होते. वैमानिकाची बैठक, बाजूच्या भिंती, डायलांचा फलक हे सारे रंगवून झाल्याशिवाय धडाचे दोन अर्ध जोडता येत नाहीत. आणि मिगच्या आतला रंग आमच्या दुकानात नव्हता.

“दादाजी, आपल्याकडे अठराशे शेड आहेत ना?” त्याने विचारले.

मी शेडकार्ड काढले. रशियन बनावटीच्या त्या काळच्या लढाऊ विमानांचा आतला रंग निळा आणि हिरवा यांच्या मधला, काहीसा पिरोजी. वैमानिकाच्या डोळ्यांना कमी थकवा यावा म्हणून तो निवडला गेला, असे सांगतात. मी एका चौकोनावर बोट ठेवून म्हणालो, “हा घे. जवळपास आहे.”

“जवळपास म्हणजे चूकच ना, दादाजी?”

पन्नास वर्षे मी ‘जवळपास’ हाच माल विकत आलो आहे. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन येते, आम्ही शेड बनवतो, भिंतीवर तो थोडा उठून दिसतो, आणि आम्ही म्हणतो, “वाळल्यावर मिळून जाईल.” बहुतेक वेळा तो मिळूनही जातो, किंवा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना त्याची सवय होते. या मुलाला कसे सांगणार?

मग शोध सुरू झाला. दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे छायाचित्रे पाहत बसू. एका चित्रात आतला भाग मोरपंखी, दुसऱ्यात फिकट निळा, तिसऱ्यात जवळजवळ हिरवा. जुन्या फिल्मवर रंग कालांतराने एका बाजूला झुकतात. छपाईत आणखी झुकतात. चौकाचौकांत आणि संग्रहालयांत उभी केलेली विमाने उन्हाने विटलेली असतात, आणि ज्यांची निगा राखली आहे त्यांवर कोणाचा तरी नवा हात फिरलेला असतो. सेवेतील विमानाचीही मोठी दुरुस्ती होते, तेव्हा पुन्हा रंग लागतो. म्हणजे जे विमान डोळ्यांनी दिसते तेही खात्रीची साक्ष देईलच असे नाही. हे ऐकल्यावर मुलगा हिरमुसला. मला मात्र, खरे सांगायचे तर, गोडी लागली.

शोधता शोधता इतर देशांच्या विमानांची माहिती वाचनात आली. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरचा आतला रंग करडा-हिरवा. जपानी विमानांच्या आतल्या पत्र्यावर निळसर, पारदर्शक लाखेसारखा थर असे. आणि अमेरिकन विमानांत झिंक क्रोमेट! हे नाव वाचताच मी उठून मागच्या फळीवरचा डबा नातवापुढे ठेवला. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून लावतात तो पिवळा प्रायमर आम्ही वर्षानुवर्षे फॅब्रिकेशनवाल्यांना विकतो. त्या पिवळ्यात काळा मिसळला की हिरवा होतो, आणि अमेरिकेने विमानांच्या पोटात लावलेला हिरवा बराचसा तसाच जन्मला. मी एका झाकणावर तो करून दाखवला. क्रोमेट विषारी असते, म्हणून त्याला हात लावू दिला नाही. हा रंग आपल्या विमानाला उपयोगाचा नव्हता, परंतु त्या रात्री मुलगा प्रथमच माझ्याकडे दुकानदार म्हणून आदराने पाहत होता, आणि मला ते आवडले.

टिंटिंग मशीनचा उपयोग नव्हता. त्याला वाचायला नमुना लागतो, आणि नमुना तर आम्ही शोधत होतो. तेव्हा वडिलांची पद्धत काढली: पांढऱ्या बेसमध्ये थेंब मोजून हिरवा स्टेनर, त्याच्या निम्मा निळा, किंचित यलो ऑक्साइड, आणि काळ्याचा सुईच्या टोकाएवढा स्पर्श. पुठ्ठ्याच्या पाच तुकड्यांवर पाच छटा लावल्या. त्यांतल्या एकीत मी थोडा जास्त पांढरा घातला होता, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद भासतो आणि काही मॉडेलकार त्यासाठी तो मुद्दाम उजळ करतात. त्यावरही मुलाची हरकत आली: “मग तो खरा कसा?” या प्रश्नाचे उत्तर मला आजही नीटसे देता येत नाही.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक गृहस्थ विमानांच्या वायरिंगचे काम करून निवृत्त झालेले आहेत. घरासाठी डिस्टेंपर न्यायला आले असता मी पाचही पुठ्ठे त्यांच्यापुढे मांडले. ट्यूबलाइटखाली त्यांनी सगळेच नाकारले. मग मला चूक उमगली. दोन रंग ट्यूबखाली जुळतात आणि उन्हात वेगळे पडतात, किंवा याच्या उलट होते. ही तर आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी त्यांना पायरीवर उन्हात नेले.

“शेठ, रंग कोण बघत होतं? आत उलटं पडून तारा जोडायच्या,” असे म्हणत त्यांनी एकेक पुठ्ठा थेट डोळ्यांपुढे धरला, सहा इंचांवर, जसा तेव्हा दिसत असेल तसा. चौथ्यापाशी ते थांबले. “हा. याच्यावर घामाचे डाग पडायचे.” ती छटा माझी नावडती होती, अंमळ मळकट.

नातवाने विचारले, “आणि फलकाच्या मधोमध पांढरी रेघ?”

“असते तर! विमान गिरक्या खात खाली जायला लागलं, की वैमानिकानं दांडा त्या रेघेवर आणायचा.” ते थोडा वेळ गप्प राहिले. “अपघाताची बातमी आली की आधी वैमानिक वाचला का ते वाचायचो. मग विमानाचा नंबर.”

ते गेल्यावर मुलाने दुकानातच विचारले, “दादाजी, मी एनडीएला जाऊ?” मशीनपाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलाचा हात थांबला. मी म्हणालो, “आधी विमान पुरे कर.” उत्तर टाळण्यात व्यापाऱ्याइतका तरबेज कोणी नसतो.

त्या रात्री जेवताना माझ्या आईने, आम्ही तिला बाई म्हणतो, तो पिरोजी तुकडा हातात घेतला. तिचे वय अठ्ठ्याऐंशी. सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नाही, पण आमच्यापाशी येऊन बसते. “हे विमान कोणाला मारतं रे?” तिने सरळ विचारले. १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर केलेला हल्ला आणि दोन दिवसांनी झालेली शरणागती नातवाला तोंडपाठ आहे. पण त्या क्षणी तो ते बोलला नाही. त्या इमारतीत माणसे होती, हे त्यालाही त्याच वेळी सुचले असावे.

“आता कोणाला नाही, बाई. ते रिटायर झालं.”

“मग राहू दे,” बाई म्हणाली आणि माळ घेऊन आत गेली.

आता मला सांगितलेच पाहिजे. १९७४ साली, अकरावीत असताना, मी एनडीएचा अर्ज आणला होता. वडिलांच्या सहीसाठी तो गल्ल्यावर ठेवला. वडील रागावले नाहीत. त्यांनी अर्ज वाचला, नीट घडी घातली आणि खालच्या कप्प्यात ठेवला. मुदत निघून गेली. त्या विषयावर आम्ही एकही शब्द बोललो नाही, आणि मी त्यांना दोष दिला असेही नाही. चार बहिणींची लग्ने व्हायची होती. वडील गेल्यावर कप्पा रिकामा करताना तो अर्ज त्यांच्या शेडच्या वहीत सापडला. त्यांनी तो फेकला नव्हता. मीही फेकला नाही.

चौथ्या छटेचा रंग बारीक जाळीतून गाळून, आधी प्रायमरचा पातळ हात देऊन, मुलाने आतला भाग रंगवला. पांढरी रेघ ओढायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या. मग धडाचे अर्ध जोडले, वर काचेचे झाकण बसले, आणि एवढ्या खटपटीने शोधलेला रंग नखाएवढ्या फटीतून दिसू लागला. “दिसत नाही फारसा,” मी म्हणालो. “पण आहे ना,” तो म्हणाला.

दिवाळीला वहीपूजन झाल्यावर मी शेडची जुनी वही काढली. हाताने बनवलेल्या प्रत्येक शेडची त्यात नोंद असते: तारीख, गिऱ्हाईक, थेंबांचा हिशेब. वडिलांच्या अक्षराखाली नातवाने आपल्या अक्षरात लिहिले: ‘मिग-२१, आतील.’ हिशेब मी सांगितला. पान उलटताना घडी घातलेला पिवळट कागद खाली पडला.

“हे काय आहे, दादाजी?”

माझा मुलगा समोरच बसला होता. मी म्हणालो, “उघड.”