खिशातला कांदा आणि सीताबर्डीचा किल्ला

१/ नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्याचे दरवाजे सर्वसामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतात : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. या तारखांपैकी एक थंडीतली, एक पावसाळ्यातली आणि एक अशी, की त्या दुपारी नागपूरकर अंगणात वाळत घातलेले कपडे आणायलाही बाहेर पडत नाही. मी हीच तिसरी निवडली.

२/ निघालो हुडकेश्वरहून. एके काळी हे शहराच्या दक्षिणेचे खेडे. आता शेतांच्या जागी ले-आउट आहेत. आईने डोक्याला दुपट्टा गुंडाळून दिला आणि उन्हाचा उतारा म्हणून खिशात एक कांदा घातला. म्हाळगीनगर चौक, सक्करदरा, मेडिकल चौक असा आठ-नऊ किलोमीटरचा हा प्रवास. स्कूटरच्या सीटने मला वाटेतच भाजून काढले.

३/ किल्ल्याच्या फाटकावर तपासणी झाली. खिशातून कांदा निघाला. जवानाने तो उलटसुलट फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने परत दिला. मित्रहो, तुम्ही विचाराल : इतिहासाच्या धाग्यात या कांद्याचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला १८५७ सालच्या एका प्रवाशाकडे जावे लागेल.

४/ विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, पेणजवळ. वय तिशीचे, घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली. भटजी चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूच्या वाटेवर शिपायांनी सांगितले, की लवकरच बंड होणार आहे, मागे फिरा. भटजी पुढे गेले. दक्षिणेचा मोह फार मोठा.

५/ दक्षिणेसाठी निघालेला हा गृहस्थ १८५८च्या वसंतात थेट झाशीच्या वेढ्यात सापडला. तोफांचे गोळे, शहराची लूट, कत्तल, दडून काढलेले दिवस, हे सारे त्याने अनुभवले. मिळवलेले पैसे लुटीत गेले. गंगाजल मात्र त्याने घरी आणले. पुढे १८८३ मध्ये त्याने ही हकिकत लिहून काढली आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

६/ या पुस्तकात एक विहीर आहे. झाशी पडल्यावर काल्पीकडच्या वाटेवर भटजींना राणी लक्ष्मीबाई भेटतात : पठाणी वेश, अंगभर धूळ, घशाला कोरड. भटजी पाणी काढून देऊ पाहतात. त्या विद्वान ब्राह्मणाकडून राणी ती सेवा घेत नाहीत, स्वतःच पाणी ओढतात. पुतळ्यातली राणी घोड्यावर असते. इथे ती तहानलेली आहे. दक्षिणेसाठी भटकणारा एक भेदरलेला भटजी त्या विहिरीवर होता, म्हणून ही राणी आपल्याला दिसते.

७/ भटजींच्या लेखनात हसू येते ते बहुतेक वेळा भटजींनाच. स्वतःची भीती, स्वतःची भूक, पैसे लपवण्याची स्वतःची धडपड ते लपवत नाहीत. मेलेल्यांवर मात्र ते विनोद करत नाहीत. इतिहासात प्रवास आणि विनोद मिसळणाऱ्या मराठी लेखकासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

८/ आता पुन्हा सीताबर्डी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज इथे भिडली. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स, फौजेचा प्रमुख हॉपटन स्कॉट. टेकड्या दोन, एक मोठी, एक लहान. २७च्या सकाळी भोसल्यांच्या चाकरीतल्या अरबांनी लहान टेकडी जिंकली. पुस्तकात हे एका ओळीत संपते.

९/ उन्हात चढताना ती ओळ कळली. ही टेकडी म्हणजे रायगड नव्हे. माझ्यासारखा घामाघूम माणूसही थोड्याच वेळात माथ्यावर पोचतो. इतक्या बेताच्या उंचीवर उभे असताना शेजारची टेकडी शत्रूकडे गेली आणि तोफेचे तोंड आपल्याकडे वळले, तर लपायचे कुठे? मग कॅप्टन फिट्झेराल्डच्या घोडदळाची चढाई, अरबांमध्ये उडालेला दारूगोळा आणि फिरलेली लढाई. नागपूरच्या राज्याचे स्वातंत्र्य एवढ्याशा जागेत गेले.

१०/ अप्पासाहेबांवर एक विनोद मी तयार ठेवला होता. १८१८ मध्ये कैदेत अलाहाबादकडे नेले जात असताना ते शिपायाच्या वेशात निसटले. प्रसंग चित्रपटाला शोभेल असा. पण पुढे महादेवाच्या डोंगरात त्यांना गोंडांनी आसरा दिला, इंग्रज मागावर राहिले आणि १८४० मध्ये हा राजा आपल्या राज्यापासून दूर, जोधपुरात वारला. विनोद मी खोडला. कांद्याचा ठेवला.

११/ इथवर मी शहाणा ठरतो. पुढचे ऐका. नागपुरात अनेकांच्या तोंडी आहे, की १९२३च्या एप्रिल-मेमध्ये गांधीजी याच किल्ल्यात कैदेत होते. माथ्यावर ते पुन्हा कानी पडले आणि मी गलबललो. ऐन उन्हाळा, बंद खोली आणि इकडे मी कांदा घेऊन कुरकुर करतो आहे! तिथेच सावलीत बसून तीन पोस्ट लिहिल्या. स्वतःची थट्टा होती, महात्म्यापुढे नमणे होते. लोकांनी त्या भराभर पुढे पाठवल्या.

१२/ रात्री हुडकेश्वरला घरी कूलरसमोर बसून तारखा ताडून पाहिल्या. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्याला गेले. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांची सुटका झाली. १९२३चा उन्हाळा त्यांनी येरवड्यात काढला होता. मी मात्र त्यांना सीताबर्डीवर बसवून रडलो होतो.

१३/ त्याहून मोठी खंत वेगळीच. १९२३च्या उन्हाळ्यात नागपूर खरोखरच पेटले होते. तो झेंडा सत्याग्रह. चरख्याचा तिरंगा घेऊन सत्याग्रही बंदी मोडत सिव्हिल लाइन्सकडे निघत आणि पकडले जात. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले, वल्लभभाई पटेल नेतृत्वाला आले. ज्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत असे कितीतरी लोक देशभरातून येऊन याच उन्हात चालले. माझ्या घामाचा सांधा त्यांच्याशी जुळत होता. मी तो एका मोठ्या नावाशी जुळवून मोकळा झालो.

१४/ दुरुस्ती लिहिली. तीनही पोस्ट चुकल्या, असे स्पष्ट म्हटले. ती पुढे फारशी कुणी पाठवली नाही. मावशीने तेवढे ‘छान फोटो’ असे लिहिले. फोटो त्यात नव्हताच.

१५/ त्या रात्री गोडसे भटजी पुन्हा उघडले. त्यांनीही घटनेनंतर पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिले. त्यांच्या काही ऐकीव गोष्टी इतर साधनांशी जुळत नाहीत, आणि अभ्यासक त्या बाजूला ठेवतात. झाशीच्या गल्लीत त्यांनी स्वतः पाहिले आणि भोगले, ते मात्र अभ्यासक वेचून घेतात. वैद्यांनी छापताना मजकुरावर हात फिरवला होता. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणला. म्हणजे त्या प्रवाशाचे शब्दही कुणीतरी तपासले, तेव्हा कुठे ते आपल्या हाती आले.

१६/ तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत : ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’. ऊन, चढ, कांदा, जवानाची नजर पहिल्या रकान्यात. तिथे मनसोक्त विनोद करावा, कारण तिथला विदूषक मीच असतो. दुसऱ्या रकान्यातले काहीही तारीख ताडल्याशिवाय धाग्यात येत नाही, मग ते ऐकून डोळ्यांत पाणी का आले असेना. उलट, पाणी आले असेल तर दोनदा तपासतो.

१७/ तुमच्याही गावात एखादी गढी, एखादी बारव असेल, आणि तिच्याविषयी ‘असे म्हणतात’ अशी एखादी गोष्ट असेल. तिथे जाऊन या. वाटेत स्कूटर बंद पडली, तर तेही लिहा. गोष्ट मात्र दुसऱ्या रकान्यात ठेवा आणि घरी येऊन पुस्तके उघडा. खाली उत्तरात तुमचे ‘असे म्हणतात’ सांगा, मिळून तपासू.

१८/ मी १५ ऑगस्टला पुन्हा किल्ल्यावर जाणार आहे. आईला म्हटले, या वेळी ऊन नसेल, कांदा नको. ती म्हणाली, “असू दे रे, भज्यांना होईल.” हे ‘ऐकले’च्या रकान्यात लिहिले आहे, पण याला पुरावा मागण्याची माझी हिंमत नाही.